आखाजीचें साल

'गुलाम' हा शब्द आमच्या घरांत अजून उच्चारला जातो, पण तो पत्त्यांच्या डावांत. राणीच्या खालीं आणि दश्शीच्या वर बसणारें तें चित्र मुलांस ठाऊक असतें. त्याच्या नांवाचा अर्थ ठाऊक नसतो. 'बटीक' हा तसाच दुसरा शब्द. 'मी काय तुमची बटीक आहें?' असें रागाच्या भरांत विचारणाऱ्या सुनेस, बटीक म्हणजे एके काळीं दाम मोजून घरांत आणलेली स्त्री, हें बहुधा माहीत नसतें. वस्तु गेली, शब्द मागें राहिला. म्हणून सुशिक्षित मराठी मनुष्यापाशीं दास्याची गोष्ट काढली, तर तो तत्काळ अमेरिकेचें नांव घेतो. कापसाचे मळे, चाबूक, साखळदंड आणि लिंकन, एवढें त्यास आठवतें. आणि 'आमच्याकडे तसें कांहीं नव्हतें' असें म्हणून तो समाधानानें पुढचें पान उलटतो.

ह्या समाधानाची थोडी तपासणी करावी, असें आमच्या मनांत पुष्कळ दिवस होतें. आम्ही खानदेशांतले. आमचें बालपण जळगांवास गेलें, आप्तांचा अर्धा गोतावळा धुळ्यास. आणि 'तसें' म्हणजे नेमकें कसें, हा प्रश्न आम्हांस आमच्याच मुलखानें घातला.

प्रथम अमेरिकेकडे पाहूं; कारण तेथील दास्यहि एका साच्याचें नव्हतें. इंग्रजांच्या वसाहती अटलांटिक समुद्राच्या कांठानें उत्तर-दक्षिण पसरलेल्या होत्या. हवा निराळी, जमीन निराळी, पीक निराळें, आणि म्हणून दास्याची तऱ्हाहि निराळी. व्हर्जिनियांत इ. स. १६१९ सालीं पहिले आफ्रिकन लोक उतरविले गेले. तेथील पीक तंबाखूचें. आरंभीं मुदतीच्या कराराने बांधलेले गोरे चाकर आणि आफ्रिकेंतून आणलेले काळे चाकर शेजारीं शेजारीं राबत, आणि कांहीं काळ्या माणसांस सुटकाहि मिळे. पुढें एकेक कायदा होत गेला. १६६२ सालीं मुलाची स्थिति आईवरून ठरावी असा निर्बंध झाला. म्हणजे दासीच्या पोटचें मूल, बाप कोणीहि असो, दासच. १७०५ च्या कायद्यानें ही भिंत पक्की झाली.

त्याच्या दक्षिणेस कॅरोलिनांत पीक भाताचें. जमीन दलदलीची, हवा हिवतापाची; उन्हाळा लागला कीं धनी चार्ल्सटन शहरीं किंवा त्याहून दूर निघून जात. म्हणून तेथें दिवसाचें काम मापून देण्याची रीति पडली. तें आटोपलें कीं उरलेला वेळ राबणाऱ्याचा; त्यांत तो आपला भाजीपाला लावी, आपल्या माणसांत आपली बोली बोले. ही सवलत ऐकून कोणास कॅरोलिना बरी वाटेल. परंतु अठराव्या शतकाच्या आरंभींच तेथें काळ्यांची संख्या गोऱ्यांहून अधिक झाली आणि धन्यांच्या मनांत भीति शिरली. १७३९ सालीं स्टोनो नदीच्या कांठीं बंड झालें. १७४० च्या कायद्यानें दासांस लिहावयास शिकविणें हा दंडास पात्र असा गुन्हा ठरला. उत्तरेकडील न्यू इंग्लंडांत शेतें लहान, थंडी कडक, दास थोडे. ते घरकाम करीत, बंदरावर राबत, कारागिरांच्या हाताखालीं असत. तेथील लोक दक्षिणेकडे पाहून नाक मुरडीत. पण दास्यास आपल्या कायदेसंग्रहांत पहिली जागा १६४१ सालीं दिली ती मॅसॅच्युसेट्सनेंच, आणि माणसें आणावयास निघणारीं पुष्कळ जहाजें ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्ट बंदरांतून सुटत. जॉर्जिया वसाहतीनें तर १७३५ सालीं दास्यास चक्क बंदी केली. पण शेजारच्या कॅरोलिनाची श्रीमंती डोळ्यांत भरली आणि १७५१ सालीं ती बंदी उठली.

ह्या सर्व वृत्तांतांत आम्हांस एक गोष्ट विशेष वाटते. प्रत्येक प्रांतापाशीं शेजाऱ्याकडे दाखवावयास एक बोट होतें. उत्तरेचा म्हणे, आमच्याकडे मळे नाहींत. कॅरोलिनाचा म्हणे, आमच्याकडे काम मापून देतात. व्हर्जिनियाचा म्हणे, आमचे दास आमच्या कुटुंबांतलेच आहेत. तऱ्हा निराळ्या होत्या हें खरें. पण ज्याच्या पाठीवर ओझें होतें, त्यास त्या निराळेपणाचा उपयोग किती, हें कोणी विचारीत नसे.

आतां हीच दृष्टि घेऊन महाराष्ट्राकडे वळूं. येथेंहि प्रांताप्रांतांचें दास्य निराळें आढळतें.

पुण्याकडे, पेशवाईंत, तें मुख्यतः घरकामाचें होतें. सरकारवाड्यांत, किल्ल्यांवर, कोठींत, पागेंत आणि संपन्न गृहस्थांच्या घरीं कुणबिणी असत. कोणी विकत घेतलेल्या, कोणी दुष्काळांत आईबापांनीं विकलेल्या, कोणी व्यभिचाराचा आरोप येऊन सरकारांत जमा झालेल्या. आज जीं घराणीं जुन्या वैभवाच्या गोष्टी सांगतात, त्यांच्या दफ्तरांत दागिने, भांडीं आणि गुरें ह्यांच्याबरोबर कुणबिणींच्याहि नोंदी निघतात. ह्या स्त्रिया दळीत, कांडीत, शेण काढीत, आणि त्यांच्या पोटचीं मुलें त्याच घरांत वाढत. हें सर्व अमेरिकेच्या मळ्याहून निराळें खरें. पण न्यू इंग्लंडच्या माजघराहून फारसें निराळें नव्हतें.

ठाणें जिल्ह्याच्या डोंगराळ भागांत वारल्यांमध्यें निराळाच प्रकार. तेथें लग्नासाठीं सावकाराकडून थोडे पैसे घ्यावे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनीं त्याच्या घरीं राबावें, अशी चाल होती. अशा मनुष्यास 'लग्नगडी' म्हणत. पैसे थोडे, पण ते फिटत कधींच नसत. मंगलाष्टकें संपतांच सुरू झालेली चाकरी सरणावर संपे, किंवा मुलाकडे जाई. खानदेशाच्या पश्चिम सीमेस लागून असलेल्या सुरतेकडील मुलखांत दुबळा जातीचे 'हाळी' अशाच कर्जानें अनाविल धन्यांशीं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले होते. हे अनाविल ब्राह्मण होते, हें आम्हीं मुद्दाम लिहीत आहों. आपल्या घरांतून ह्या विषयाकडे पाहतांना तो पलीकडच्या कोणाचा तरी आहे असें वाटण्याचा संभव असतो.

आणि आमचा खानदेश? १८१८ सालीं हा प्रांत कंपनी सरकाराकडे आला, तेव्हां सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या उतारांवर भिल्लांचे नाईक आपापले डोंगर धरून होते. फौजेनें ते पूर्णपणें वठणीवर येईनात, म्हणून १८२५ सालीं औट्रम नांवाच्या अधिकाऱ्यानें त्यांचीच पलटण उभारली, आणि बाकीच्यांस तगाई देऊन, बैल देऊन शेतीवर बसविण्याचा उद्योग सुरू झाला. भिल्ल सपाटीवर उतरला, पण ज्या व्यवहारांत तो उतरला त्याचे दोन्ही डोळे, अक्षर आणि आंकडा, त्यास नव्हते.

मग एक अशी घटना घडली कीं, तिनें अमेरिका आणि खानदेश एकाच दोरींत गोंवले. १८६१ सालीं अमेरिकेंत उत्तर आणि दक्षिण ह्यांचें युद्ध पेटलें. दक्षिणेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला. आणि लँकेशायरचें लक्ष तापीच्या काळ्या जमिनीकडे वळलें. त्याच वर्षांत आगगाडी खानदेशांत आली. जळगांवची बाजारपेठ त्या कापसानें आणि त्या रुळांनीं वाढविली. मुंबईंत भाव कित्येक पटींनीं चढले. पुढें १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या, हें सर्वांस ठाऊक आहे. त्या युद्धाच्या शेवटीं अमेरिकेंत सुमारें ४० लक्ष माणसें कायद्यानें मुक्त झालीं. त्यांच्याविषयीं आदर दाखवून जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला, आणि तिकडच्या दास्याशेजारीं इकडचें दास्य ठेवून दाखविलें. आपल्या वर्गास तो ग्रंथ रुचला नाहीं. परंतु त्याच काळांत खानदेशांत काय घडत होतें, हें पाहिलें म्हणजे त्या अर्पणपत्रिकेचा रोख ध्यानांत येतो. कापसामुळें जमिनीस किंमत आली. जमिनीस किंमत आली म्हणून तिच्यावर कर्ज मिळूं लागलें. कर्ज मिळालें म्हणून खत झालें. खत झालें म्हणून दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा झाला. भिल्लाची जमीन गेली आणि भिल्ल तिच्यावर चाकर म्हणून उरला. १८८० सालीं प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटिअरांत श्रम गहाण टाकण्याच्या चालीची नोंद आहे. त्याच्या आदल्या वर्षीं शेतकऱ्यांस सावकारापासून वांचविण्याकरितां जो कायदा झाला, तो आरंभीं पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांपुरताच होता. दंगा तिकडे झाला होता, म्हणून औषध तिकडे गेलें. खानदेशास तें तेव्हां मिळालें नाहीं.

आतां सालदाराकडे येऊं. खानदेशांत अक्षय्य तृतीयेस आखाजी म्हणतात. आपल्या घरांत त्या दिवशीं पितरांच्या नांवानें घागर पुजतात. माहेरवाशिणी येतात, निंबाच्या फांदीस झोके बांधतात, गाण्यांनीं गांव दुमदुमतो. त्याच दिवशीं सालदाराचें साल भरतें. जुना हिशेब होतो, नवें साल धरलें जातें. वर्षाची ठराविक रक्कम, कांहीं धान्य, एखादें कांबळें, एखादा जोडा. त्याच्या बदल्यांत आखाजीपासून आखाजीपर्यंत मळ्याचीं, गुरांचीं, राखणीचीं सर्व कामें. गैरहजर राहिला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे वजा. त्याच्या बायकोनें गोठ्यांतलें शेण काढावयाचें, हें पुष्कळ ठिकाणीं न बोलतां ठरलेलें असे.

सालदार म्हणजे दास, असें सरसकट म्हणणें अन्यायाचें होईल. जळगांवकडे, रावेर-यावलच्या बागाइतांत, पुष्कळदां तो त्याच गांवचा; चार मळेवाल्यांत ज्याचा हात मोकळा त्याच्याकडे जाणारा, भाव करणारा, प्रसंगीं रुसणारा. त्याच्या गरजेपेक्षां मालकाची गरज मोठी असली, तर आखाजीस मालकच त्याच्या दारीं येई. तेंच पश्चिमेकडे, शहादें-तळोद्याच्या बाजूस, सालदार भिल्ल. जमीन गमावलेला, अक्षरशून्य, आणि उचल घेतल्यावांचून ज्याच्या घरीं पावसाळ्याचे चार महिने चूल पेटत नसे असा. नांव एकच, सण एकच, करारहि एकच. पण जळगांवकडे ज्याला नोकरी म्हणतां येईल, तीच धुळ्याच्या पलीकडे बेडी होत असे. हा फरक जमिनीनें केला, कर्जानें केला, आणि मुख्यतः दुसरीकडे जाण्याची वाट उघडी आहे कीं नाहीं ह्या एका गोष्टीनें केला.

आमच्या घरीं तापीकांठच्या जुन्या वाड्यांतून आलेल्या, लाल कापडाच्या बांधणीच्या कांहीं वह्या आहेत. अक्षर मोडी, वळण सुरेख. त्यांत एका सालदाराचें खातें आम्हीं सवडीनें लावून पाहिलें. आखाजीस ठरलेली रक्कम जमेकडे. नांवें बाजूस धान्य, मीठ, बायकोचें बाळंतपण, मुलाचें लग्न, तापाचे खाडे. वर्षाच्या शेवटीं 'बाकी', आणि दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या ओळींत 'मागील बाकी'. असें पुष्कळ वर्षें चालल्यावर खात्याचें नांव बदलतें, आतां मुलगा. त्याच्याहि पहिल्या ओळींत 'मागील बाकी' आहेच. बेरीज-वजाबाकींत कोठें लबाडी नाहीं. चूक शोधावी म्हणून आम्हीं दोनदां ताळा घेतला, तो जुळतो. पानाच्या तळाशीं डाव्या हाताचा अंगठा आहे. ज्याचा अंगठा, त्यास त्या पानावरील एक अक्षरहि वाचतां येत नव्हतें.

ही वही पाहून घरांतील एक वडील आप्त म्हणाले, "अरे, तो घरचाच माणूस होता. आपल्या पंक्तीचें अन्न त्यानें खाल्लें. मुलें त्यास भाऊ म्हणून हांक मारीत. त्याच्या पोराचें लग्न आपणच केलें कीं! ह्यास दास्य म्हणावयाचें, तर मग माया कशास म्हणावयाची?" आम्हीं त्यांस उलट उत्तर केलें नाहीं, कारण त्यांच्या आठवणींतील माया खोटी नव्हती. पण मनांत एवढें आलेंच कीं, लग्न आपण केलें असें आपण म्हणतों, आणि वहींत तर तें त्याच्या नांवें पडलेलें आहे. व्हर्जिनियाचा मळेवालाहि आपल्या दासांस कुटुंबांतलेच म्हणे. त्यांतले कांहीं मनापासून म्हणत असतील. माया आणि बंधन एकाच घरांत नांदूं शकतात. म्हणून मायेवरून निर्णय करितां येत नाहीं. त्याकरितां साधे प्रश्नच विचारावे लागतात. आखाजीच्या दिवशीं त्यास 'मी जातों' असें म्हणतां येत होतें काय? हिशेब त्यास वाचतां येत होता काय? आणि त्याची बाकी त्याच्याबरोबर संपत होती, कीं त्याच्या मुलाच्या अंगावर चढत होती?

ह्या तीन प्रश्नांपुढें प्रांतांचे निराळेपण बरेचसें गळून पडतें. कॅरोलिनांत दासाच्या हातीं लेखणी जाऊं नये म्हणून कायदा करावा लागला. आमच्याकडे त्याची गरज पडली नाहीं. अक्षर आपल्याच घरांत राहील, अशी व्यवस्था शतकानुशतकें होतीच. सावकार गुजर असो, वाणी असो, मारवाडी असो वा पाटील असो, खत लिहावयास, वही ठेवावयास, कोर्टांत अर्ज द्यावयास लेखणीवाला लागे, आणि तो बहुधा आपल्यापैकीं असे. विद्येचा आपणांस अभिमान आहे, तो असावाहि. पण तिनें जें जें लिहिलें त्यांत हीं खतेंहि आहेत.

कायद्यांचें म्हणाल तर कायदे झाले. १८४३ च्या ५ व्या कायद्यानें हिंदुस्थानांतील न्यायालयांनीं दास्याचा हक्क मानूं नये असें ठरलें. १८६० च्या दंडसंग्रहानें माणसाचा क्रयविक्रय हा गुन्हा झाला. पण ह्या दोहोंच्या मधोमध, १८५९ सालीं, उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुरास फौजदारी शिक्षा देणारा कायदाहि झाला. तो मूळचा मोठ्या शहरांकरितां, पण सरकारास अन्यत्र लागू करण्याची मुभा असलेला. आणि १९२५ पर्यंत तो रद्द झाला नाहीं. एका हातानें दास्य काढलें आणि दुसऱ्या हातानें उचल राखली, असा हा प्रकार. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नांवाच्या अधिकाऱ्यानें ठाणें, नाशिक आणि पश्चिम खानदेश ह्या भागांतील आदिवासींच्या स्थितीवर सरकारास अहवाल दिला. तोहि दफ्तरीं पडला.

बेडी तुटली ती मुख्यतः ज्यांच्या पायांत होती त्यांच्याच बळानें. १९४५ च्या मे महिन्यांत उंबरगांव तालुक्यांतील झरी येथें वारली जमले आणि लग्नगड्याची चाल व वेठ त्यांनीं मोडली. त्यांच्याबरोबर गोदावरी परुळेकर होत्या. पूर्वाश्रमींच्या गोखले, पुण्याच्या, कायद्याची पदवी घेतलेल्या. आपल्यासारख्याच घरांतील एका मुलीनें आपल्या अक्षराचा उपयोग कसा केला, हें आपल्या मुलींनीं जरूर वाचावें. खानदेशास आणखी सत्तावीस वर्षें थांबावें लागलें. १९७२ सालीं शहादें-तळोद्याकडे अंबरसिंग सुरतवंती ह्या भिल्ल कार्यकर्त्याच्या पुढाकारानें लोक उठले, श्रमिक संघटना उभी राहिली, आणि गेलेली जमीन व सालदाराचा मेहनताना हे दोन प्रश्न उघड्या मैदानांत मांडले गेले. वेठबिगारी नष्ट करणारा देशव्यापी कायदा १९७६ सालचा आहे. म्हणजे ही प्राचीन काळची गोष्ट नव्हे. हा लेख वाचणाऱ्या कित्येक आजी-आजोबांच्या तरुणपणची आहे.

आणि ती पुरती संपली असेंहि म्हणवत नाहीं. दिवाळीच्या सुमारास खानदेशच्या पश्चिम भागांतून कुटुंबेंच्या कुटुंबें गुजराथेंतील साखर कारखान्यांकडे ऊंसतोडीस जातात. मुकादमाकडून उचल आधीं घेतलेली असते. टोळींत माणसें मोजीत नाहींत, 'कोयते' मोजतात. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा आणि बायको. हें ऐकून आम्हांस ठाण्याचा लग्नगडी आठवला. प्रांत बदलला, पीक बदललें, शब्द बदलला. बाकी पुढें ओढण्याची रीति मात्र ओळखीची वाटते.

आपण एकत्र कुटुंबांत राहणारीं माणसें. आपल्या घरांतहि भांडीं घासणारी बाई, स्वयंपाकाच्या मावशी, मोटार हांकणारा, शेतावरचा राखणदार अशीं माणसें असतात, आणि त्यांस अडीनडीस उचल द्यावी लागते. ती द्यावीच; ती न देणें हा कांहीं सद्गुण नव्हे. पण देतांना ती कशी फिटेल हें त्यांच्यासमोर मांडावें, हिशेबाची एक प्रत त्यांच्या हातीं द्यावी, ती त्यांस वाचतां येत नसल्यास त्यांच्या मुलाकडून वाचवून घ्यावी. आणि आईच्या कर्जापायीं मुलीस शाळेंतून काढून कामावर आणण्याची गोष्ट निघाली, तर ती रक्कम आपणच सोडून द्यावी. बाईनें दुसरें घर धरलें तर 'एवढें केलें तरी गेली' असें म्हणून हळहळूं नये. तिला जातां आलें, ह्याचा अर्थ ती बांधलेली नव्हती, इतकाच होतो.

त्या लाल वह्या टाकून द्याव्या कीं ठेवाव्या, ह्यावर आमच्या घरीं दोन मतें पडलीं. शेवटीं असें ठरलें कीं, त्यांतील सालदारांचीं खातीं मोडींतून बालबोधींत उतरून काढावीं. घरांतील थोरली नात सध्यां मोडी शिकत आहे. तें काम तिनें मागून घेतलें आहे. पहिलीं सात पानें झालीं. आठव्यावर एक नांव तिला लागत नव्हतें. तें लावण्यांत कालची सगळी संध्याकाळ गेली.